दहाव्या खंडात गाडी रुतली: महाकाय फँटसी मालिकांमध्ये रस टिकतो कसा?

पानकिडा

मंडळी, रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'चा दहावा खंड, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', उशाशी पडून आहे. पहिले सहा खंड झपाटल्यासारखे वाचले. सातव्यापासून वेग मंदावला, आणि आता दोन पानं झाली की हात आपोआप फोनकडे जातो. कंटाळलो म्हणावं तर तसंही नाही. नायक रँडचं पुढे काय होतं ते मला अजून हवंच आहे. हा खंड ते सांगायला तयार नाही, एवढंच.

१४ खंड, सुमारे ४४ लाख शब्द. एवढं वाचायचं ठरवलेला माणूस लांबीला घाबरणारा नसतो. माझं मत असं की लेखक एखादा धागा ताणून धरतो आणि मग तो तसाच लोंबकळत ठेवून दुसऱ्याच माणसांमागे जातो, तिथे वाचक सुटतो. रँडचा मित्र पेरिन, त्याच्या बायकोला आठव्या खंडाच्या शेवटी पळवून नेतात (१९९८) आणि ती सुटते अकराव्यात (२००५). ज्यांनी खंड निघतील तसे वाचले त्यांनी सात वर्षं काय केलं असेल?

तर सांगा: तुमची गाडी कोणत्या मालिकेत, कुठे अडली? शेवटपर्यंत धरून ठेवणारी मालिका कोणती, आणि का? शिवाय हा दहावा खंड गाळला तर चालेल का? (स्पॉयलर असेल तर आधी इशारा द्या, कृपया.)

उचापती

गाळा की. नववा परत वाचा. दहाव्यात अर्धा वेळ सगळे नवव्याचा शेवटच बघत उभे असतात.

निमूट

उचापती गमतीत म्हणताहेत, पण दुखणं नेमकं तेच आहे.

(नवव्या खंडाचा स्पॉयलर) नववा संपतो तो अख्ख्या मालिकेतल्या सगळ्यात मोठ्या घटनांपैकी एकीवर. इथे जादूचे दोन अर्धे, एक पुरुषांचा, एक बायकांचा. त्यातल्या पुरुषी अर्ध्यावरचा, वापरणाऱ्याला वेडं करणारा डाग धुतला जातो. त्यानंतर दहावा उघडावा तर काळ मागे गेलेला. दूर कुठेतरी प्रचंड शक्ती वापरली जातेय हे रँडचा दुसरा मित्र मॅट याच्या बाजूला, पेरिनच्या बाजूला, जादू जाणणाऱ्या बायकांची पुढारी एग्वेन हिच्या छावणीत जाणवतं, आणि सगळे त्या दिशेला तोंड करून विचारात पडतात. एका घटनेचे पडसाद चार ठिकाणी दाखवायचे, ही कल्पना म्हणून वाईट नाही. पण तिथे काय घडलं ते वाचकाला आधीच माहीत आहे. पात्रं ज्याचं नवल करताहेत त्याचं वाचकाला नवल उरलेलं नाही, अशी प्रकरणं ओळीने आली की पान उलटत नाही.

पेरिनच्या बायकोच्या अपहरणापेक्षा मला तरी हे जास्त जड गेलं.

शब्दखुळी

धागाकर्त्यांशी असहमत. धागा लोंबकळत ठेवणं हा गुन्हा मानला तर या प्रकारातलं काहीच वाचता येणार नाही. टोल्कीनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये तेच केलं की! 'द टू टॉवर्स'चा पहिला अर्धा भाग ॲरागॉर्न आणि मंडळींचा, दुसरा अर्धा फ्रोडो-सॅमचा. अर्धं पुस्तक होईपर्यंत फ्रोडो दिसतच नाही. आणि शेवट कुठे, तर फ्रोडो शत्रूच्या हाती, सॅम बंद दाराबाहेर. तो भाग आला नोव्हेंबर १९५४ मध्ये आणि पुढचा ऑक्टोबर १९५५ मध्ये. वाचकांनी अकरा महिने कळ काढली.

घुबड

शब्दखुळी, फरक आहे ना पण. टोल्कीनची पूर्ण कादंबरी लिहून तयार होती. ती मुळात एकच कादंबरी, प्रकाशकाने तीन भागांत काढली. आणि दोन्ही अर्धे एकाच पुठ्ठ्यात होते, म्हणजे ॲरागॉर्नचा भाग संपला की पान उलटून फ्रोडो हजर.

आता हीच फाळणी 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनने कशी केली बघा. 'अ फीस्ट फॉर क्रोज' २००५ मध्ये आला. त्यात जॉन, टिरियन, डेनेरिस यांच्या नजरेतून एकही प्रकरण नाही. लोक ज्या तिघांसाठी वाचत होते ते तिघेही जवळजवळ गायब. पुस्तकाच्या शेवटी लेखकाची टीप, की उरलेली मंडळी पुढच्या खंडात भेटतील आणि तो खंड पुढच्या वर्षी येईल अशी आशा आहे. आला २०११ मध्ये. टोल्कीनची युक्ती चालली कारण दोन अर्ध्यांत एका पानाचं अंतर होतं. मार्टिनच्या दोन अर्ध्यांत सहा वर्षं गेली.

बोकोबा

आणि त्यापुढच्या, अजून न आलेल्या 'विंड्स ऑफ विंटर'बद्दल कोणी बोलायचं नाही असं ठरलंय का?

उचापती

@बोकोबा, बोलायचं काय? शांतता पाळायची.

पानकिडा

@घुबड, मुद्दा पटला. पण मग मी आज सगळे खंड हाताशी घेऊन वाचतोय, माझ्यासाठी तर अंतर एका पानाचंच आहे. तरी मी का अडकलो?

निमूट

कारण जॉर्डनमध्ये पुढच्या पानावर एकदम पाचशे माणसं येतात. :)

गंमत सोडा. एखादं पात्र गायब करणं हे जॉर्डन पहिल्यापासून करतोय. तिसऱ्या खंडात रँड जेमतेम दिसतो. पाचव्यात पेरिन अजिबात नाही. आठव्यात मॅट नाही, तेही सातव्याच्या शेवटी त्याच्या अंगावर भिंत कोसळल्यावर! पण तिसऱ्या खंडाबद्दल कोणी तक्रार करताना ऐकलंय? त्यात रँड नसला तरी सगळे त्याच्याच मागावर आहेत. प्रत्येकाची वाट एका शहराकडे जाते आणि पुस्तक तिथे जाऊन संपतं. खंडाला स्वतःचा शेवट आहे. दहाव्याला तो नाही. शेवटच्या काही पानांत एक धक्का आहे, पण त्याआधी 'इथे काहीतरी पूर्ण झालं' असं कुठेच वाटत नाही.

माझा निकष आता हाच झालाय. मालिका कितीही लांब असो, खंड मिटताना हातात काहीतरी पडलं पाहिजे.

रानभूल

निमूट +१

तिसरी_घंटा

या निकषावर एरिक्सनची 'मलाझन' पहिली यायला हवी. दहा खंड, १९९९ ते २०११. म्हणजे बारा वर्षांत दहा, आणि एकेक खंड उशीएवढा. प्रत्येकाच्या शेवटी सगळे प्रवाह एकत्र येऊन फुटतात. दुसऱ्या खंडात, 'डेडहाउस गेट्स'मध्ये, कोल्टेन नावाचा सेनापती हजारो निर्वासितांना घेऊन अख्खा खंड ओलांडतो (खंड म्हणजे भूखंड), तो शेवट वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून नुसता बसलो होतो.

आणि तरीही या मालिकेत जेवढे वाचक गळतात तेवढे दुसरीकडे गळत नसतील. पहिल्याच खंडात! एरिक्सन काहीही समजावून सांगत नाही. देव, सैन्य, जादूच्या वाटा, हजारो वर्षं जुनी भांडणं, सगळं चालू असतं आणि आपण मधेच येऊन पडतो. तो शिक्षणाने पुरातत्त्वज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ. उत्खननात जसे तुकडे हाती येतात आणि त्यावरून घर कसं असेल ते आपणच जुळवायचं, तसं वाचावं लागतं. बरं, पहिल्या खंडात कशीबशी ओळख झाली म्हणावं तर दुसऱ्यात भूखंड बदलतो. पाचव्यात तर भूखंड, माणसं, सगळंच नवं.

म्हणून 'धागा सोडला की वाचक सुटतो' हे मला अर्धंच पटतं. एरिक्सन पहिल्यापासून सांगून टाकतो की इथे असंच होणार. जॉर्डनने सहा खंड वेगळी सवय लावली आणि मग ती मोडली.

शब्दखुळी

@तिसरी_घंटा, शेवटचं वाक्य फार नेमकं.

कूपमंडूक

मी मलाझनमधून पहिल्याच खंडात गळालेला. सुरुवातीला पात्रांची यादी दिलीय, ती वाचता वाचताच दमलो.

महीरूप

जरा वेगळ्या वाटेने जातो. 'पुढे काय होणार' हेच वाचकाला धरून ठेवतं असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं दिसतंय. महाभारतातलं भीष्मपर्व आठवा. संजय रणभूमीवरून धावत येतो आणि धृतराष्ट्राला पहिल्यांदा काय सांगतो? भीष्म पडले. दहा दिवसांच्या युद्धाचा निकाल आधीच जाहीर. मग धृतराष्ट्र विलाप करतो, विचारतो, हे झालं कसं? आणि तिथून युद्ध सुरू होतं, गीतासुद्धा त्यानंतर येते. द्रोणपर्वातही तीच रीत. निकाल हातात ठेवून ऐकणाऱ्याला बसवून ठेवलंय, कारण ऐकणारा बाप आहे आणि मरणारे त्याच्या घरचे आहेत.

निमूट म्हणतात की दहाव्या खंडात वाचकाला घटना माहीत असते म्हणून रस जातो. माहीत असणं ही अडचण नसावी. त्या दूरच्या उजेडाकडे बघणाऱ्यांपैकी कोणाचं काही पणाला लागलेलं नाही, ही अडचण असावी. बघणारा धृतराष्ट्र असेल तर तेच प्रकरण वाचवेल.

निमूट

महीरूप, हे मान्य. एग्वेनच्या छावणीतलं प्रकरण इतरांपेक्षा बरं का वाटतं ते आता कळलं. तिथे निदान बायकांना त्या बातमीवर काहीतरी ठरवायचं असतं.

उचापती

महाभारत निघालंच आहे तर शांतिपर्वाचंही बोला. युद्ध संपलंय, भीष्म शरपंजरी, आणि सगळ्यात लांब पर्व आता सुरू होतंय. आद्य दहावा खंड तोच!

महीरूप

:D शांतिपर्व गाळणारे पुष्कळ आहेत हे खरं. पण वनपर्वाकडेही बघा. नल-दमयंती, सावित्री, रामाची गोष्ट, सगळी आडवळणंच. पण ती वनवासात पिचलेल्या पांडवांना सांगितलेली आहेत. युधिष्ठिर विचारतो, माझ्याइतका दुर्दैवी राजा कोणी झाला का, आणि उत्तरादाखल नलाची गोष्ट येते. आडवळणाला ऐकणारा आहे, निमित्त आहे. जॉर्डनमधल्या स्नानगृहांच्या आणि कशिद्याच्या वर्णनांना कोण विचारतंय?

शब्दखुळी

मी विचारते! मला ते कशिदे आवडतात. :)

सगळ्यांना वेग का हवाय तेच कळत नाही. रॉबिन हॉबचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं नवल वाटतं. १९९५ ते २०१७, सोळा कादंबऱ्या, एकच जग. आणि तिच्यात काही 'घडतं' म्हणावं तर पन्नास पानांत तिचा नायक फिट्झ एका कुत्र्याशी बोलतो, एका मुलीशी बोलू शकत नाही, आणि जिना चढून वर जातो. तरी मी खाली ठेवू शकले नाही. कारण तो माणूस प्रथमपुरुषात बोलतो आणि दर खेपेला स्वतःबद्दल काहीतरी चुकीचं ठरवतो. आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही.

रचनाही शहाणी आहे. तीन पुस्तकं, पूर्णविराम. मग दुसरीच माणसं, समुद्र, बोलणारी जहाजं. पुन्हा पूर्णविराम. मग फिट्झ परत, पंधरा वर्षांनी मोठा. कुठेही थांबलात तरी अर्ध्यावर सोडल्याची टोचणी नाही.

घुबड

हॉबवर एक सूचना: 'लाइव्हशिप' या बोलणाऱ्या जहाजांच्या त्रयीत फिट्झ नाही म्हणून ती गाळून पुढे जाणारे खूप भेटतात. गाळू नका. पुढच्या त्रयीत एका जुन्या पात्राकडे बघायची नजरच बदलते.

बोकोबा

मला तर सँडरसन हवा. कामाशी काम. 'स्टॉर्मलाइट'चा पहिला खंड २०१०, मग २०१४, २०१७, २०२०, २०२४. दहा ठरलेत, पाच-पाचचे दोन भाग, पहिला भाग पूर्ण. संकेतस्थळावर कुठलं पुस्तक किती टक्के झालं ते लिहिलेलं असतं. लेखकाने वाचकाला असं वागवावं.

शिवाय प्रत्येक खंडात एका पात्राचा भूतकाळ. पहिल्यात कॅलाडिन, दुसऱ्यात शलान, तिसऱ्यात डॅलिनार. त्यामुळे चार लाख शब्दांचं पुस्तक असलं तरी त्याला एक कणा असतो. 'ओथब्रिंगर'मध्ये डॅलिनारने तरुणपणी काय केलं ते थेंबाथेंबाने कळत जातं आणि वर्तमानातली त्याची लढाई त्याच गोष्टीवर येऊन उभी राहते. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे असं माझं मत.

शब्दखुळी

टक्केवारी बघून वाचायचं म्हणजे पुस्तक वाचतोय की पुलाचं बांधकाम बघतोय? सँडरसनची यंत्रणा दिसते हो. शेवटच्या शंभर पानांत सगळं एकदम कोसळणार हे तिसऱ्या पुस्तकापासून आधीच ठाऊक असतं. आणि वाक्यं! एकदा सांगितलेली भावना पात्र पुन्हा मनातल्या मनात उगाळणारच.

बोकोबा

पूल निदान पलीकडे पोहोचतो.

उचापती

बोकोबांना एक गुण.

तिसरी_घंटा

दोघांचंही थोडं खरं. पण जॉर्डनच्या धाग्यावर सँडरसनला यंत्र म्हणताना थोडं आठवूया. जॉर्डन २००७ मध्ये गेला तेव्हा शेवट बाकी होता. त्याच्या पत्नीने, हॅरिएट मॅक्डूगलने, जी त्याची संपादकही होती, सँडरसनला निवडलं. जॉर्डनची टिपणं होती, अगदी शेवटचा प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवला होता. एक खंड ठरलेला, त्याचे तीन झाले: २००९, २०१० आणि जानेवारी २०१३. दुसऱ्याच्या घरात जाऊन, त्याचीच भांडी वापरून स्वयंपाक करणं सोपं नसतं. मॅटचा आवाज त्याला पहिल्यांदा नीट सापडला नाही हे कोणीही सांगेल. पण लोंबकळणारे धागे त्याने एकेक करून बांधले. तो कारागीर होता म्हणूनच हे झालं.

रानभूल

रॉथफस?

उचापती

रॉथफसचा नायक क्वोथ तीन दिवसांत, दिवसाला एक खंड अशी, गोष्ट सांगणार होता. पहिला दिवस २००७, दुसरा २०११. तिसऱ्या दिवशी सूर्यच उगवला नाही.

कूपमंडूक

मी या चर्चेत उगाच पडतोय, कारण १४ खंडांची मालिका मी कधीच पूर्ण केलेली नाही. पण ले गुइनची 'अर्थसी' कोणी मोजतच नाही याचं वाईट वाटतं. पहिली तीन पुस्तकं १९६८ ते १९७२, सडपातळ, एकेक दोन बैठकींत होणारं. मग १९९० मध्ये ती परत आली आणि स्वतःच्याच जगाला विचारलं, की इथे जादू फक्त पुरुषांनाच का शिकवतात? मग २००१ मध्ये आणखी दोन. तेहतीस वर्षांत सहा पुस्तकं. जग तेवढंच मोठं वाटतं. रस टिकवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कमी लिहिणं, हे इथे कोणी बोलणार नाही का?

महीरूप

बोलायला हवं होतं. पण ज्याला चार महिने एकाच जगात राहायचं आहे त्याला 'अर्थसी' देऊन भागत नाही. ती भूकच वेगळी आहे. लोक लांबीची तक्रार करतात आणि पुस्तक संपलं की रडतात.

रानभूल

मी वाचत नाही, ऐकते. मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग, नवरा-बायको, दोघांनी मिळून अख्खी 'व्हील ऑफ टाइम' वाचली आहे. पुरुष पात्रांची प्रकरणं तो, स्त्रियांची ती. चालताना, भांडी घासताना, दीडपट वेगाने. दहावा खंड मला कधी आला आणि गेला कळलंही नाही. स्नानगृहाची वर्णनं कानाने बरी वाटतात.

पानकिडा

@रानभूल, हा विचार केलाच नव्हता! नावं कशी लक्षात राहतात पण? मला छापील पानावर बघूनही आएस सेडाईंमधली (म्हणजे त्या जादू जाणणाऱ्या बायकांमधली) कोण कोणत्या रंगाची ते आठवत नाही.

रानभूल

आठवत नाहीतच. ज्या महत्त्वाच्या असतात त्या पुन्हा येतात, उरलेल्या वाऱ्यावर. फक्त नाव शोधायला विकीवर जाऊ नका. मी एकीचं नाव टंकलं आणि शोधखिडकीने स्वतःहून पुढे 'मृत्यू' जोडून दाखवलं.

घुबड

प्रत्येक खंडाच्या शेवटी शब्दार्थसूची आहे, तेवढीच वापरा. ती त्याच खंडापुरती असते, पुढचं फोडत नाही.

निमूट

आता पानकिडांच्या मूळ प्रश्नाचं बघू, नाहीतर धागा दहाव्या खंडासारखा होईल.

(दहाव्याचा सौम्य स्पॉयलर) पूर्ण गाळू नका. एग्वेनची सगळी प्रकरणं वाचा, कारण शेवटचा धक्का तिचाच आहे आणि अकराव्या-बाराव्यातलं तिचं सगळ्यात चांगलं कथानक तिथून सुरू होतं. मॅट आणि ट्युऑनची वाचा, ती हलकी आहेत. पेरिनच्या शोधाची चाळा, मात्र शेवटाकडे तो एका कैद्याशी जे वागतो ते नीट वाचा. त्यानंतर तो कुऱ्हाडीचं काय करतो तेही. एलेनच्या सिंहासनाचं राजकारण सारांशावर भागवा. मग अकरावा, 'नाइफ ऑफ ड्रीम्स', २००५. जॉर्डनने स्वतः पूर्ण केलेला मुख्य मालिकेतला शेवटचा खंड, आणि त्यात तो पुन्हा जुन्या वेगात आहे.

शब्दखुळी

एलेनचं गाळायला सांगितल्याबद्दल निषेध.

बोकोबा

शब्दखुळी, एलेनची प्रकरणं आवडणाऱ्या तुम्ही मला भेटलेल्या पहिल्याच.

शब्दखुळी

तिच्या आंघोळीतसुद्धा राज्य चालतं. मोठमोठ्या युद्धांपेक्षा कोणता सरदार कोणाकडे झुकतोय हे मला जास्त थरारक वाटतं. मार्टिनमध्ये हेच असलं की तुम्ही सगळे वाहवा करता, जॉर्डनमध्ये असलं की रटाळ.

घुबड

मार्टिनमध्ये झुकणाऱ्या सरदाराचं मुंडकं पुढच्या प्रकरणात जाऊ शकतं. एलेनला काही होणार नाही हे तिला स्वतःलाही माहीत आहे, तिच्या बाळांबद्दलची भविष्यवाणी झालीय ना. महीरूपांचं 'पणाला काय लागलंय' इथेही लागू.

शब्दखुळी

हं. हे मात्र खरं. तरी निषेध कायम.

पानकिडा

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: एग्वेन आणि मॅट छापील, पेरिन कानाने, एलेन शब्दखुळींच्या भीतीने निम्मी. काल दोन एग्वेन प्रकरणं झाली, हात फोनकडे गेला नाही. मधल्या मधे हॉबची 'लाइव्हशिप' चाळून बघितली आणि तीही सुरू झाली, आता दोन आघाड्या.

एक विचारायचं होतं, किनाऱ्यावर ओढून ठेवलेलं ते आंधळं जहाज वेडं आहे का?

घुबड

पॅरागॉन. पुढे काही विचारू नका.

शब्दखुळी

आणि विकी उघडू नका!